ठेवलेला हात

कांचघर, जबलपूर
४ ऑगस्ट

दादा,

हे पत्र मी दुसऱ्यांदा उतरवून काढतोय. पहिल्यात खाडाखोड झाली होती, आणि ती पाहून तुला वाटलं असतं की घरी काहीतरी भयंकर झालंय. तसं काही नाही. अण्णा जेवतात, झोपतात, पेपरवाल्याला उशीर झाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

जूनमध्ये त्यांना झटका आला. डावी बाजू गेली. तेव्हा तुझा जुना नंबर लावून पाहिला, तो आता कुणा दुसऱ्याचा आहे. पत्ता शेजारच्या अंजनीकाकूंनी दिला. त्यांची भाची नागपूरला तुझ्याच डान्स क्लासला येते, हे त्यांनाही परवा कळलं. म्हणाल्या, "पोट्टी सांगून राहिली, सर जबलपूरचे आहेत, डाव्या हातावर उलटे उभे राहतात. मी म्हटलं, अगंबाई, हा तर आपला वेदांग!"

मी तुला बोलावत नाहीये. मला फक्त एक चिठ्ठी हवी आहे.

सकाळी फिजिओथेरपिस्ट मेघनाताई येतात, गोरखपूर मोहल्ल्यातून, स्कूटीवर. अण्णांच्या हातापायांचा व्यायाम करून घेतात. पाय अण्णा मुकाट देतात. डाव्या हाताला मात्र बोट लावू देत नाहीत. पहिल्याच दिवशी मेघनाताईंनी तो उचलायला घेतला, तर अण्णांनी उजव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं.

"त्याला शिवू नका. तो माझा नाही."

"मग कोणाचा, काका?"

"वेदांगचा. माझा मोठा मुलगा. तो ठेवून गेला आहे. त्याला न विचारता मी कसा देऊ?"

मेघनाताई हसल्या नाहीत. व्हरांड्यात येऊन त्यांनी मला समजावलं की मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काहींना आपलाच डावा हात परका वाटतो. कोणी म्हणतं शेजाऱ्याचा आहे, कोणी म्हणतं बायकोचा. होतं असं, हळूहळू जातं. पण तोवर व्यायाम झाला नाही तर बोटं आखडतील, मग वॉकर धरता येणार नाही, आणि वॉकर नाही तर चालणं नाही.

त्यांना मी सगळं सांगितलेलं नाही. त्या परक्या आहेत. पण "ठेवून गेला" म्हटल्यावर मला कोणता दिवस आठवला, ते तुला कळेल. तू बॅग घेऊन दारात होतास. अण्णा कॉटवर बसले होते. ताटावर बसताना तुझा डावा हात टॉवेलनं पाठीशी बांधणारे अण्णा. ते म्हणाले, "नाचायला जायचं तर जा. पण हा डावा हात इथं ठेवून जा. ह्यानंच घर नासवलं." आणि तू हसलास. वाकून कॉटच्या लाकडावर डाव्या मुठीनं दोनदा टकटक केलंस, तू नाचायला उतरण्याआधी जमिनीवर करायचास तसंच. म्हणालास, "घ्या. ठेवला."

चिठ्ठीत एवढंच लिही: माझ्या हाताचा व्यायाम करायला हरकत नाही. खाली सही. पाकीट सोबत ठेवलंय, पत्ता घालून.

तुझाच,
आल्हाद


२० ऑगस्ट

दादा,

चिठ्ठी अजून आली नाही. पोस्टात चौकशी केली. क्लासच्या कामात असशील. मी अजून गोरखपुरातल्या त्याच छापखान्यात आहे, लग्नपत्रिका आणि शोकपत्रिका जुळवतो. दहावीपुढे शिकलो नाही म्हणून मालक आधी हसायचे, आता हिंदी काय आणि मराठी काय, शेवटचा हात माझाच फिरतो. अण्णांमुळे सध्या दुपारनंतर जातो.

मेघनाताई म्हणाल्या, काकांना आवडतं ते गाणं लावत जा, हालचालीला मदत होते. आता अण्णांना काय आवडतं? भजन लावलं तर म्हणतात, बंद करा. म्हणून मी आपल्या दोघांचा तो नाचाचा सिनेमा लावला. खरं सांगायचं तर मलाच पाहायचा होता.

कपाटावर होता, दोन सीडीचा, वेष्टण नसलेला, हिंदी आवाज चढवलेला. प्लेयरनं आधी जरा खरखर केली आणि मग ती पोरं आली. लाल-पिवळी जाकिटं, रस्त्यावर अंथरलेला खोक्याचा पुठ्ठा, खांद्यावर टेपरेकॉर्डर. किती मूर्ख सिनेमा आहे, दादा! आणि पहिल्या पाच मिनिटांत मी लहान मुलासारखा हसत होतो. त्या सिनेमात जमीन कुणाला लागत नाही. डोक्यावर गरगर फिरून पोरगं उठतं, केस ठीक करतं आणि आइस्क्रीम खायला जातं. दोन टोळ्या भांडायला समोरासमोर येतात आणि नाचून घरी जातात. नाचघर पाडायला आलेला शेठसुद्धा मुळात वाईट नसतोच, त्याला फक्त कुणी नाचायला बोलावलेलं नसतं. आणि ती लाट! एकाच्या बोटातून सुरू होते, मनगट, कोपर, खांदा, मग दुसऱ्या खांद्यातून दुसऱ्याच्या बोटात. रस्ता ओलांडून शेवटी जाड्या हवालदारात शिरते आणि त्याची टोपी उडते. आपण दोघं व्हरांड्यात करायचो. लाट नेहमी तुझ्या डाव्या हातातून निघायची.

शेवट अजून तसाच अडकतो. नायकाचा बाप, तो हार्डवेअरच्या दुकानाचा मिशीवाला, नाचघराच्या मागच्या भिंतीशी येऊन उभा राहतो. त्याचा पाय उचलला जातो. आणि चित्र थांबतं. तू म्हणायचास, पाय खाली येतो आणि तो नाचायला लागतो. मी म्हणायचो, पाय खाली येतो आणि तो निघून जातो. पाय खाली येताना आपण कधी पाहिलाच नाही.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच. मी हवालदाराच्या टोपीला हसत होतो, तेवढ्यात मागं टकटक झालं. दोनदा. मला वाटलं दारात कोणी आहे. कोणी नव्हतं. अण्णा पडद्याकडे पाहत होते. त्यांचा डावा हात चादरीबाहेर होता आणि मूठ कॉटच्या लाकडावर टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लावला आणि पडद्याकडे पाठ करून बसलो. लाट सुरू झाली तशी चादर हलली. आधी करंगळी, मग एकेक बोट, मग मनगट वर आलं आणि खाली गेलं. तू सोडायचास तसंच, किंचित उशिरा, आठवतंय? पण अण्णांनी तुला नाचताना एकदाही पाहिलेलं नाही. मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीत तू नाचलास तेव्हा ते बाहेर चपला सांभाळत बसले होते.

मेघनाताईंना सांगितलं. त्यांनी पिन टोचून पाहिली, अण्णांना न दाखवता. हाताला काही कळत नाही. म्हणाल्या, ताकद शून्य आहे, तुला भास झाला असेल.

अजून एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. अण्णा माझ्याशी हिंदीत बोलतात. "भैया, जरा खिडकी बंद कर दीजिए." त्यांना वाटतं मी दवाखान्यातून पाठवलेला माणूस आहे. आयुष्यात त्यांनी मला कधी "आप" म्हटलं नव्हतं. परवा अंजनीकाकूंना हळूच विचारत होते, "चांगला आहे हो पोरगा. आई-बाप आहेत का त्याला?" काकू पदर तोंडाला लावून घरी गेल्या.

घरातली मराठी आता फक्त त्या हातासाठी आहे. "काहून रे वेदांग, थंडी वाजून राहिली का?" असं विचारतात आणि त्याच्यावर रुमाल पांघरतात.

हरकत नाही. तू चिठ्ठी पाठव.

आल्हाद


२ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. चिठ्ठी मिळाली. आधी मला वाटलं दुसऱ्याच कोणी लिहिली आहे. मग खालची ओळ वाचली: "उजव्या हाताने लिहिले आहे. डाव्यात जूनपासून पेन धरवत नाही."

दादा, जूनपासून म्हणजे कधीपासून? तू लिहितोस की क्लासमध्ये मुलांना डाव्या हातावर उभं राहून दाखवताना हात नसल्यासारखा झाला आणि तू खांद्यावर पडलास. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. त्या दिवशी वटपौर्णिमा होती, क्लासच्या बाहेर वडापाशी बायकांची गर्दी होती, असं तू लिहिलंस. अण्णा त्याच दिवशी पडले. अंजनीकाकू वड पूजून ताट घेऊन आल्या, त्यांनीच पाहिलं.

योगायोग असेल. मी छापखान्यात पाहतो ना, एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन पत्रिका येतात, एक लग्नाची, एक तेराव्याची.

चिठ्ठी मी अण्णांना वाचून दाखवली. मेघनाताई समोर होत्या. अण्णांनी कागद मागून घेतला, उजव्या हातानं डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"ये उसका अक्षर नहीं है, भैया."

मी म्हटलं, "अण्णा, दादाचंच आहे. खाली सही पाहा."

तर मेघनाताईंकडे वळून मराठीत म्हणाले, "ह्यांना समजत नाही. हे उजव्या हातानं लिहिलेलं आहे. माझा वेदांग डावखुरा आहे. आणि त्याचा डावा तर माझ्याकडे आहे, मग तो लिहिणार कशानं?"

मेघनाताई त्या दिवशी स्कूटी सुरू करताना दोनदा चुकल्या.

रोज दुपारी अण्णा झोपतात, घोरतात. मी स्वयंपाकघरात असतो. आणि खोलीतून टकटक येते. सिनेमा बंद असतो. मी आता उठून पाहायला जात नाही.

तुला बोलावत नाहीये असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते मी सौजन्यानं लिहिलं नव्हतं. तू आलास तर ते तुला ओळखतील, आणि मी चहा करीन. हे मला नको होतं. आता मी विचार करतोय.

आल्हाद


९ सप्टेंबर

दादा,

ये.

कारण सांगतो, म्हणजे सुट्टी मागताना तुला सोपं जाईल.

गणपतीच्या दिवशी अंजनीकाकू उकडीचे मोदक घेऊन आल्या. अण्णांना उशीला टेकवून बसवलं होतं. काकूंनी त्यांच्या उजव्या हातात मोदक ठेवला. अण्णांनी तो तोंडाकडे नेला, थांबले, आणि खाली आणून डाव्या तळव्यावर ठेवला. प्रसाद, डाव्या तळव्यावर! ज्यांनी तुला मंडळाच्या पंगतीत डावा हात पुढे केला म्हणून सगळ्यांसमोर थोबाडीत दिली होती, ते अण्णा.

"खा रे," ते हाताला म्हणाले. "डाव्यानंच खा. आता कोणी काही म्हणणार नाही. मी आहे ना."

काकूंना राहवलं नाही. "अहो भाऊजी, आणि आल्हाद? सकाळपासून उपाशी आहे पोर. त्याला द्या की एक तुमच्या हातानं."

अण्णा माझ्याकडे पाहून हसले, परक्या माणसाकडे पाहून हसतात तसे. "हां हां, भैया को भी दीजिए."

मी मोदक घेतला. छान झाला होता. आणि खाताना पाहिलं की ती बोटं मिटताहेत. एकेक करून मोदकावर मिटली. सारण बोटांच्या फटीतून बाहेर आलं, तूप मनगटावरून ओघळलं, तरी दाबतच राहिली. तेव्हापासून मूठ उघडलेली नाही. नखं तळव्यात रुतताहेत. आत मोदक आहे, तीन दिवसांचा, खोलीत त्याचा आंबूस वास यायला लागलाय. अण्णांना वाटतं तू खातो आहेस. ते वाट पाहतात. "सावकाश," म्हणतात.

मेघनाताई म्हणाल्या, जोर केला तर बोट मोडेल आणि तशीच ठेवली तर तळवा सडेल. डॉक्टरांकडे नेलं तर भूल देऊन उघडतील, पण ह्या प्रकृतीला भूल नको. "भावाला बोलव," म्हणाल्या. "मला ह्यातलं काही कळत नाही, पण बोलव." शिकलेल्या बाई आहेत, दादा.

मी चहा करीन. ये.

आल्हाद


२९ सप्टेंबर

दादा,

तुझा व्हिडिओ पाहिला. मुलं टाळ्या वाजवताहेत आणि तू डाव्या हातावर उभा आहेस. चारदा पाहिला. नवा नंबर जपून ठेवलाय, पण मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून पत्रच.

तू आलास आणि दुसऱ्या दिवशीच्याच गाडीनं गेलास. आलास त्या संध्याकाळी तुझं लक्ष मुठीकडे होतं आणि मी दाराच्या चौकटीत होतो, म्हणून काही गोष्टी मला दिसल्या आणि तुला नाही. त्या लिहून ठेवतो.

तू कॉटच्या डाव्या बाजूला बसलास. अण्णांनी तोंड वर केलं नाही. मीच सिनेमा लावला, काहीतरी आवाज असावा म्हणून. लाटेची जागा आली तेव्हा तू कॉटवर दोनदा टकटक केलंस, उजव्या मुठीनं. आतून उत्तर आल्यासारखी डाव्या मुठीची दोनदा टकटक झाली. तू दचकलास. अण्णा मात्र हसले, दादा. तेव्हा तू खाली पाहत होतास. ते इतक्या मोकळेपणी हसले की त्यांचा अर्धा मेलेला चेहरा पूर्ण वाटला.

मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. तू म्हणालास, वाळून गळून पडला असेल. मी चादर झटकली, कॉटखाली पाहिलं, मुंग्यासुद्धा नव्हत्या.

मग तुमची बोटं टेकली आणि लाट निघाली. अण्णांच्या खांद्यातून, कोपरातून, मनगटातून, उशिरा सुटणाऱ्या त्या मनगटातून, तुझ्या डाव्या हातात. तुझा खांदा उडाला. आणि अण्णा काय म्हणाले ते तुला रडण्यात ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. म्हणाले, "घे. मी वापरला नाही. नीट ठेवला होता."

लाट तुझ्या छातीवरून उजव्या हातात आली आणि तू तो माझ्याकडे पसरलास, लहानपणी पसरायचास तसा. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मला ती घेता आली नाही. तू हात खाली सोडलास, बोटं फरशीला लागली. मी अनवाणी होतो. डाव्या पायाखालची फरशी थरथरली. तेव्हा मी म्हटलं नाही, कारण तुम्ही दोघं रडत होता आणि चहा निवत होता.

अण्णांचा हात आता साधा हात आहे. जड आणि निमूट. मेघनाताई बोटं उघडतात, मिटतात. कालपासून वॉकरची मूठ धरवून पाहताहेत. सगळं सिनेमासारखं झालं, नाही का? नाचघर वाचलं.

तू गेल्यावर एक दिवस दुपारी अण्णा आपणहून म्हणाले, "भैया, वो पिक्चर लगाइए." मी लावला. शेवट आला, मिशीवाला बाप भिंतीशी उभा राहिला, पाय उचलला. मी बंद करायला उठलो. पण चित्र थांबलं नाही.

पाय खाली आला. तो नाचला, दादा. फार वाईट नाचला, कोपरं पाडून, आपल्या दुकानाचा ॲप्रन घालून, आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती गोल केला. तू बरोबर होतास. मी इतकी वर्षं त्याला उगाच घालवत होतो.

मागं वळलो तर अण्णा चादर बाजूला सारून आपल्या डाव्या पायावरून उजवा हात फिरवत होते. अगदी हलक्या हातानं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.

"संभाल के, भैया," मला म्हणाले. "ये मेरे छोटे लडके का है."

आणि मग पायाकडे वाकून, मराठीत: "आल्हाद, थकलास का रे?"

दादा, ह्या घरात माझं नाव त्यांच्या तोंडून मी शेवटचं पावसाळ्याआधी ऐकलं होतं.

मी कॉटच्या पायथ्याशी खाली बसलो, त्यांना दिसणार नाही असा. म्हटलं, "नाही, अण्णा."

"जेवला का?"

"जेवलो."

"त्या मोठ्याच्या नादात तुझ्याकडे बघणं राहून गेलं. तू जाऊ नको कुठं. म्हणून तुझा पाय ठेवून घेतला मी. रागावला नाहीस ना?"

"नाही, अण्णा."

आता दुपारी आम्ही असंच बोलतो. त्यांना लहानपणीचं माझं सगळं आठवतं, मलाही न आठवणारं. मी गोवरात फणफणलो होतो तेव्हा फॅक्टरीतून सायकलवर चार फेऱ्या मारल्या म्हणे. मला कुठे माहीत होतं?

अर्थात मेघनाताईंना पायाला शिवू देत नाहीत. "छोटे को पूछिए पहले." त्या हसल्या, बरं वाटलं त्यांना, कारण हे सोपं आहे. जाताना मला म्हणाल्या, "आल्हाद, तू तर इथंच आहेस. एक चिठ्ठी लिहून दे ना, समोर सही कर, संपलं. पाय आखडला तर हाताचा काय उपयोग?"

खरंच आहे. मी म्हटलं, लिहितो.

माझा डावा पाय चार दिवसांपासून जड आहे. बसून काम, म्हणून असेल. सकाळी चप्पल त्याच्यातून निसटली आणि मी तशीच मागं टाकून फाटकापर्यंत गेलो, अंजनीकाकूंनी हाक मारली तेव्हा कळलं. आत्ताही तो टेबलाखाली आहे की नाही ते वाकून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पण दुखत नाही. उलट दुपारच्या वेळी त्याला ऊब लागते, कोणी हात फिरवत असल्यासारखी.

तू आता पुन्हा धावपळ करून येऊ नकोस. इथं सगळं ठीक आहे.

मेघनाताई रोज चिठ्ठी मागतात. कागद समोर आहे, पेन आहे, अक्षर माझं चांगलं आहे. मी अजून लिहिलेली नाही.

अण्णांचा,
आल्हाद